नागलीचं बी परत नेताना

सर, आज मी तुमच्यावरही चिडले आहे, आणि ते ऐकून घ्यायला तुम्ही उरला नाहीत म्हणून आणखीच चिडले आहे.

सरकारकडून येणारं संशोधनाचं अनुदान यंदा पुन्हा छाटलं. निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्याच आहेत, शेतावरच्या मजुरांना द्यायला पैसे नाहीत. विद्यापीठाच्या दारात मात्र नवी कमान उभी राहते आहे, तिचं दगडकाम मी रोज जाता-येता बघते. राजूरच्या डोंगरातल्या गावांतून तुम्ही पायी फिरून गोळा केलेले नागलीचे वाण आमच्या शीतगृहात आहेत. बी नुसतं थंडीत ठेवून भागत नाही, काही वर्षांनी पेरून ताजं करून घ्यावं लागतं, नाहीतर ते आतल्या आत मरतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. हे वर्ष त्या पेरणीचं होतं. कार्यकारी परिषदेच्या बैठकीत मी तसं सांगितलं, तर कोपरगावकडचे एक बागायतदार सदस्य हसून म्हणाले, "मॅडम, नागली-नाचणी आता खातं कोण? आणि तुमचे सर तर कधी काही मागायचे नाहीत. उलट पैसे परत करायचे."

खरंच करायचात. मार्च आला की बाकीचे विभाग उरलेले पैसे संपवायच्या मागे लागायचे, खुर्च्या काय, पडदे काय. तुम्ही शिल्लक रक्कम ताठ मानेने परत पाठवायचात. मी नवा वजनकाटा मागितला तेव्हा प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर मला झापलंत, "जुना चालतोय ना? सरकारचा पैसा हाय, आपल्या बापाचा न्हाई." मला तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटला होता. पण वरच्यांनी तुमच्या सचोटीचा अर्थ एकच काढला, यांना कमी दिलं तरी चालतं. पुढच्या वर्षी तेवढं कमी, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. उधळणाऱ्यांना कुणी विचारत नाही आणि सरळ माणसाच्या ताटातलं काढून घेतात, याचा मला संताप येतो. तुम्ही भांडायला हवं होतं, सर. एकदा तरी टेबलावर हात आपटायला हवा होता.

शेवटी निम्मेच वाण पेरता आले. उरलेल्यांचं थोडं थोडं बी मी नियम मोडून पुड्यांत बांधलं आणि बाजारच्या दिवशी राजूर गाठलं. तुम्हाला पूर्वी बी देणारी एक म्हातारी भाजी घेऊन बसली होती. तिच्या गावच्या वाणाची पुडी तिच्या हातात ठेवून म्हटलं, एवढं यंदा तुमच्या वावरात लावा.

"आमचंच बी आमालाच व्हय?" ती म्हणाली. "तुमी सांभाळणार हुता ना? तुमच्याकडं हाय म्हनून तर आमी पेरायचं सोडलं."

ती पुडीकडे बघत बसली. अनुदान, कपात, बैठक, यातलं काहीच तिला सांगण्यासारखं वाटलं नाही. शेवटी तिने पुडी पदराच्या टोकाला बांधली, लावते म्हणाली, आणि भाजीवर पाणी शिंपडता शिंपडता विचारलं, "सर बरे हायती ना?"

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी हो म्हणाले.