वरची कडी

आई,

तू अंघोळीला गेलीस तेवढ्यात मी कामाला निघाले. घाबरू नकोस, दार नीट ओढून घेते. वरची कडी जळमटं काढायच्या लांब झाडूने खालून ढोसून उघडली. कडी सरकली आणि झाडूची सगळी धूळ माझ्या डोक्यावर. पुन्हा वेणी घालावी लागली.

चोरासाठी लावते म्हणतेस. चोरासाठी खालची कडी होतीच की! मी चाकांच्या खुर्चीसकट रस्त्यात कलंडले आणि दुसऱ्याच दिवशी वरची आली. मला काय कळत नाही? पडतात गं माणसं. दादा सायकलवरून किती वेळा आपटला, त्याला कुणी कोंडलं नाही.

चष्म्याच्या दुकानातलं काम मी घेतलंय. मालकीणबाईंनी पायरीवर उतरती फळी बसवून घेतली, परवा दादाबरोबर जाऊन मी एकटीने चढून पाहिली. कोपऱ्यावरच्या त्या उखडलेल्या फरशीला वळसा घालीन. मागे येऊ नकोस. मला ढकलायला कुणी नको, आपल्या घराचं दार आपल्याला उघडता आलं की झालं.

दुपारी सुतारकाका येतील. वरची कडी काढून माझा हात पोचेल तिथे बसवायची, असं त्यांना सांगून ठेवलंय. त्यांना चहा दे. तूही जेवून घे, रुसून बसू नकोस.

आणि रागाच्या भरात काकांना परत पाठवलंस, तर पाठव. उद्या मी पुन्हा झाडू घेईन.

तुझीच,
ठमी