नव्या डिस्कवरची जुनी यादी

वंदना,

तुह्या नवऱ्याले, म्हंजे माह्या गजेंद्रले, बोलायची तमीज राह्यली नाई. स्टुडिओचे फोटो ठेवाच्या डब्यातल्या दोन डिस्कांतली एक मेली म्हणून तू नवी आनली. तिच्यात खराब जागा दिसल्या तं म्हने, तूच यष्टीत आपटली. तेबी गिऱ्हाइकादेखत.

परवा त्यानं सोता दुसरी आनली, मांडीवर धरून. तिच्यातबी अकरा खराब जागा! मंग मी तुही वही काढली. डब्यात उरलेल्या जुन्या डिस्कच्या खराब जागांचे आकडे तू तिच्यात उतरलेले. म्हशीच्या कानातला बिल्ला जुळवते तसं एकेकावर बोट ठेवलं. तेच अकरा. तीन डिस्का एकाच जागी कशा सडतीन?

काम्प्युटर दुरुस्त करनाऱ्या अकरमले फोन लावला. तो म्हने, "काकू, जुनीवरून नवी भरताना खराब जागांची यादीबी उतरते. नवी धड असन."

जुनी डिस्क डब्यातून काढू देऊ नको. त्या अकरा जागांवरचे लग्नाचे फोटो निंघाले तं तिच्यातूनच निंघतीन. अकरम दुपारी येईन, त्याच्यापाशी बस. भरलेली पिशवी रिकामी कर, माहेरी संग्रामपूरले दिवाळीत जा.

मी गजेंद्रले घेऊन चिखलीले डिस्कवाल्या दुकानदाराची माफी मांगाले चालली. त्यालेबी यानं चोर म्हन्लं होतं. स्टुडिओची चावी चिठ्ठीखाली हाये. निंघताना याले तोंडावर सांगतलं, "डिस्क धड हाये, सूनबी धड हाये. आजपासून स्टुडिओची चावी वंदनापाशी. तुले लागली तं तिले मागजो, अन् गिऱ्हाइकादेखत मागजो."