पहिला प्रश्न कोरा

३ जुलै २०१७

परत पाठवला! हदगावच्या त्या पूनम मॅडमचा पॅच, म्हणजे माझ्या प्रोग्राममध्ये त्यांनी सुचवलेली दुरुस्ती. शाळेत कॉम्प्युटर शिकवतात म्हणे. ओळीच्या सुरुवातीला चार स्पेस द्या असं नियमावलीत ठळक अक्षरांत लिहिलंय — बाईंनी टॅब मारलेत. वर पत्र : ‘आदरणीय राघवेंद्र सर, कृपया स्वीकार व्हावा.’ अर्ज आहे का हा? रजेचा?

उत्तरपत्रिकांवरचे काळे गोल वाचून गुण लावणारा हा प्रोग्राम मी वर्षानुवर्षं खपून लिहिला. अर्ध्या मराठवाड्यातल्या शाळा, क्लास तो फुकट वापरतात. कोड सगळ्यांना उघडा ठेवलाय, म्हणून कुणीही चपला घालून आत यायचं नाही. बदल सुचवायचा तर रीतीनं.

त्यांचं म्हणणं — पोरानं पहिला प्रश्न कोरा सोडला की पुढची सगळी उत्तरं एक घर वर सरकतात, अन् बरोबर असलेलीही चूक धरली जातात. पहिला प्रश्न कोण सोडतं? तो तर सगळ्यांत सोपा असतो. पुढचं वाचलंच नाही.

९ जुलै

मी नोकरी करतो त्या क्लासमध्ये मालक सिद्धेश्वर सरांनी नवीन टूम काढली. आता दर चाचणीत सगळ्यांत अवघड प्रश्न पहिला. “सुरुवातीलाच पोरं हादरली पाहिजेत. टिकली तं टिकली, न्हाई तं लातूरला क्लास लई हायत.” मला पटलं. चुकीच्या उत्तराला गुण कापतातच. येत नसेल तर सोडावं, हेही शिकतील.

१७ जुलै

माझ्याच प्रोग्रामवर निकाल लावला. देविका स्टार बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये घसरली. माझी मुलगी! नाव मीच यादीत खाली टाकलं अन् यादी मीच फळ्यावर चिकटवली. पोरं माझ्याकडे बघत होती. बघू देत. घरी तिला म्हटलं, मोबाईल ठेव बाजूला. ती म्हणाली, मोबाईल नसतोच माझ्याकडे. उलट उत्तर द्यायला बरं सुचतं.

१८ जुलै

देविका बोलत नाही. बरंय. तेवढाच अभ्यास होईल.

२९ जुलै

पूनमबाईंचा पॅच पुन्हा हजर. टॅब गेले, पण आता एकाच पॅचमध्ये तीन बदल. एका पॅचमध्ये एकच काम — पहिलीतल्या पोराला कळेल. त्यांचं पत्र प्रोग्रामवर काम करणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर सगळ्यांसमोर टाकलं अन् खाली लिहिलं, ‘शाळेत मुलांना काय शिकवता, याची काळजी वाटते.’ पुण्याच्या, हैदराबादच्या लोकांनी हसून घेतलं. खोटं कशाला बोलू, मजा आली. दिवसभर मन हलकं होतं.

११ ऑगस्ट

चाचणी चालू असताना जमीन किंचित हलली. पंखे झुलले. पोरं दाराकडे पळाली. काहींचे आई-बाप त्र्याण्णवच्या भूकंपातून वाचलेले, त्यांच्या घरात भीती मुरलेलीच असते. सरांनी सगळ्यांना परत बसवलं, वेळ वाढवून दिला नाही. देविका जागची हलली नव्हती. मान खाली घालून गोल रंगवत होती.

१६ ऑगस्ट

तिसरी बॅच! रागानं कानशिलं तापली. जागची न हलता हे गुण?

देविका म्हणाली, “बाबा, पेपर एवढा वाईट नव्हता गेला. फक्त पहिला प्रश्न सोडला मी. एकदा माझी उत्तरपत्रिका बघू द्या ना.” उत्तरपत्रिका कुणालाच दाखवत नाही, हा क्लासचा नियम. तिला म्हटलं, मशीनला तुझं-माझं कळत नाही, तेच बरंय. डोकंच कमी पडत असेल तर तसं सांग. बायको, प्रेमला, मध्ये पडली, तिलाही गप्प केलं.

१७ ऑगस्ट

सिद्धेश्वर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “तुमची पोरगी हाय म्हणून म्हणतो, एकदा हातानं तपासून बघू का?” हा माणूस कुणावर दया करत नाही, अन् माझ्यावर करायला निघाला! मी म्हटलं, प्रोग्राम माझा आहे, गुण बरोबर आहेत.

२ सप्टेंबर

देविकाला क्लासमधून काढलं. डॉक्टर होणं तिला झेपत नाही, तर पैसा अन् वर्ष कशाला घालवायचं. शिरूर अनंतपाळला माझ्या बहिणीकडे पाठवली. तिथूनच बारावी करेल, पुढचं पुढे बघू. एसटीत बसताना तिनं वाकून नमस्कार केला. रडली नाही. प्रेमला घरी येऊन रडली. मला म्हणाली, “तुम्ही तिचा बाप म्हणून एकदा तरी बोलायचं होतं.”

१० सप्टेंबर

पूनमबाईंचा पॅच परत पाठवला. वर्णनाची पहिली ओळ लांब.

१५ सप्टेंबर

परत. सही चुकीच्या जागी. बाई चिवट आहेत — चिडत नाहीत. ‘चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे. आमच्या शाळेतल्या लेकरांचे मार्क अजून चुकून राहिले, म्हणून पुन्हा पाठवते.’ दर वेळी तेच, लेकरांचे मार्क.

२४ सप्टेंबर

आजच्या पॅचमध्ये खोड सापडेना. स्पेस नीट, एकच बदल, वर्णन मोजकं, सही जागेवर. दोनदा वाचला. संताप आला. म्हटलं, चालवून बघतो; काहीतरी मोडतच असेल, मग लिस्टवर दाखवतो. क्लासच्या जुन्या उत्तरपत्रिका घातल्या.

काही मोडलं नाही. पहिला प्रश्न कोरा सोडणाऱ्या पोरांचे तेवढे गुण बदलले. देविका जुलैत वर्गात दुसरी. ऑगस्टमध्ये पहिली.

पुन्हा चालवलं. हातानं तपासलं. पहिलीच.

पॅच घेतला तर काय बदललं अन् का, हे सगळ्यांना दिसेल. चाचण्या पुन्हा तपासाव्या लागतील. सरांना सांगावं लागेल. प्रेमलाला सांगावं लागेल. शिरूरला जावं लागेल.

२५ सप्टेंबर

पूनमबाईंना कळवलं — शेवटच्या ओळीत एक स्पेस जास्त आहे, नाकारला.

स्पेस जास्त नव्हती.