मंगलाकाकूची तारीख

तीर्थरूप बाबा, ड्रेस्डेनहून मेघालीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. थंडी ओसरली, रोज भात शिजतो. आईचे गुडघे कसे आहेत? चिकू उतरवायला माणसे मिळाली का?

काल चिराग फोनवर हसत म्हणाला, "मंगलाकाकूने ऑपरेशन रद्द केलं, ताई. म्हणते, आपली मेघा गाठीवर औषद काडते हाय, मंग पोट कापायचं कशाला?" मला हसू आले नाही.

बाबा, मी औषध शोधत नाही. गणपतीत ओटीवर सगळ्यांनी विचारले, तेव्हा 'कृमी बघते' म्हणायची लाज वाटली, म्हणून 'गाठीवर औषध शोधते' असे बोलले. माझा कृमी जेमतेम मिलिमीटरभर असतो. त्याच्या पेशींच्या केंद्रकात काही प्रथिने असतात. कुठला अवयव कधी घडवायचा, ते ती पेशींना सांगतात. त्यातले एक बंद केले की अंडे जिथे फळते ती पिशवी नीट घडत नाही. ते का, एवढेच मी शोधते. काकूच्या गाठीला त्याचा काही उपयोग नाही.

निघताना तिने दिलेल्या चिकूच्या चकत्या अजून शिल्लक आहेत. कालपासून तो डबा उघडवत नाही.

फोनवर हे बोलवले नसते, म्हणून या पत्राचा फोटो चिरागला पाठवते आहे. आजच तिच्याकडे जा आणि बोईसरच्या डॉक्टरांकडून नवी तारीख घ्या. काहीतरी गैरसमज झाला, असे सांगून मला सांभाळून घेऊ नका. मेघा खोटे बोलली, असेच सांगा.

तुमची,
मेघा