सात नंबरचा अर्ज

मंगळवार, २० मे २०२५

बोट तोडणार म्हणे! अर्धी याची, अर्धी तिची.

सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आलो तर ड्राइव्हवेत ट्रेव्हर आणि ओदील भांडत होते. वॉलॉंगॉंगच्या या कंपाउंडात तीन युनिटं. एका टोकाला ट्रेव्हर – मूळचा इंग्लंडातल्या ग्रिम्स्बी बंदराचा, इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केंबलाच्या स्टीलवर्क्समधून रिटायर झालेला. दुसऱ्या टोकाला ओदील – फ्रान्समधल्या ब्रिटनी किनाऱ्याची, निवृत्त शिक्षिका. मधलं युनिट आमच्या मुलाचं, सिद्धार्थचं. ही दोघं गेली अकरा वर्षं एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीतून मासे पकडतात. बोटीला इथे टिनी म्हणतात. दिसतेही डब्यासारखीच.

भांडण कशावरून? काल लंडनमध्ये करार झाला. ब्रेक्झिट होऊनसुद्धा युरोपच्या बोटींना ब्रिटनच्या समुद्रात आणखी बारा वर्षं मासे पकडता येणार. ट्रेव्हर लालबुंद. "ट्वेल्व्ह इयर्स, मेट! आमचा समुद्र!" ओदील म्हणाली, हेरिंग मासळीला जाऊन विचार, तिच्याकडे कुठला पासपोर्ट आहे. त्यावर ट्रेव्हरने आपण या बोटीतून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. बोट ट्रेलरवर उभी होती आणि हा जमिनीवर. तरी जाहीर केलं.

नात शाळेत निघाली होती. म्हणाली, "आजोबा, दे बोथ हॅव ऑसी पासपोर्ट्स."

स्पृहा चौदा वर्षांची आहे. तिला राजकारण कळत नाही.

बुधवार, २१ मे

बोटीच्या मधोमध निळी चिकटपट्टी! इंजिन ट्रेव्हरचं, ते त्याने काढून आपल्या घरात नेलं. ट्रेलर ओदीलचा, तिने त्याच्या चाकाला कुलूप घातलं. आता याच्याकडे इंजिन, हिच्याकडे चाकं, आणि बोट आमच्या गॅरेजच्या तोंडाशी. सिद्धार्थला गाडी काढता आली नाही. धावत स्टेशनवर गेला. पॅरामॅटाच्या ऑफिसात पोचेपर्यंत मीटिंग संपली होती. संध्याकाळी माझ्याकडेच बघत होता, जणू ब्रेक्झिटला मी मत दिलं.

शुक्रवार, २३ मे

व्यापारही बंद. ओदील दर शुक्रवारी पाव भाजते, एक ट्रेव्हरला देते. ट्रेव्हर तिला झाडाची लिंबं देतो. आज ट्रेव्हरने पावाबरोबर लेखी डिक्लरेशन मागितलं – घटक पदार्थ, मूळ देश. ओदीलने पाव परत नेला आणि आमच्या दारात ठेवला. ट्रेव्हरने लिंबं आमच्याच दारात ठेवली. म्हणजे आता माल आमच्यामार्फत.

"वी आर बेसिकली नॉर्दर्न आयर्लंड," स्पृहा म्हणाली. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन-युरोपचा माल तिथे असाच मधे अडकतो म्हणे. मी विचारलं, त्यांचं पुढे काय झालं? "इट्स कॉम्प्लिकेटेड, आजोबा."

पलीकडे पोचेपर्यंत पाव अर्धा राहिला होता. माल सरहद्दीवर थांबला की थोडी घट येणारच.

आमच्या सौ.ना, वासंतीला, मात्र करमत नाही. डिसेंबरात आल्यापासून ती रोज दुपारी ओदीलकडे जाते. हिला फ्रेंच येत नाही, तिला मराठी येत नाही, इंग्रजी दोघींचं बेताचं, तरी दोन-दोन तास काय बोलतात देव जाणे. ओदीलचे मासे साफ करून देते म्हणे. खात नाही, नुसते साफ करते. परत आली की हाताला वास. मी म्हणतो, लिंबू लावून धू. आता लिंबंही अडकली!

सोमवार, २६ मे

बोट नाही म्हणून दोघं ब्रेकवॉटरच्या दगडांवर गळ टाकून बसले होते. मध्ये शंभर पावलांचं अंतर. मी ट्रेव्हरपाशी. वासंती फिरत फिरत आली. ट्रेव्हर गळाला लावायला माशाचे तुकडे करत होता – निळसर पाठीचे, तुकतुकीत. स्लायमी मॅकरेल, तो म्हणाला, खायच्या कामाचा नाही, नुसता बेट, म्हणजे आमिष.

वासंती थांबली. म्हणाली, "अहो, हा बांगडा आहे."

म्हटलं, असेल.

"बांगडा गळाला लावतात?"

म्हटलं, त्यांचा देश, त्यांचा बांगडा. ती तिथूनच तडक घरी निघाली. वारा फार होता. थंडी वाजली असणार.

तिचं माहेर वेंगुर्ल्याचं, म्हणून ओळखता आला. सावंतवाडीला माझं पहिलं पोस्टिंग, तिथेच आमचं जमलं. लग्नाला आमच्या आईची एकच अट होती – या घरात मासा येणार नाही आणि या घरची सून बाहेरही खाणार नाही. वासंती "बरं" म्हणाली. विषय संपला. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्रेचाळीस वर्षांत हिची एक तक्रार नाही. माणसाला सवय होते. मी सिगारेट सोडली तेव्हा चार दिवस जड गेले, मग काही नाही.

बुधवार, २८ मे

ओदीलने दार उघडलं नाही. मी ट्रेव्हरबरोबर चहा पितो, तोवर आमच्या घरातलं कुणी नको. वासंती आल्या पावली परत आली.

गुरुवार, २९ मे

ट्रेव्हरनेही विचारलं – तू कुणाच्या बाजूचा? मी म्हटलं, अलिप्त. तो म्हणाला, असं काही नसतं, मेट. चहा न घेताच उठला.

एकोणीस जूनचं आमचं परतीचं विमान. तीन आठवडे हे असेच काढायचे? वासंती खिडकीशी बसून ओदीलच्या दाराकडे बघते. मला बघवत नाही.

शनिवार, ३१ मे

काल झोपताना डोक्यात प्रकाश पडला. मी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. पाण्यासाठी कुऱ्हाडी घेऊन आलेली माणसं एका सतरंजीवर बसवली. दोन सहकारी साखर कारखान्यांचे चेअरमन बसवले! ही दोघं म्हणजे किस झाड की पत्ती?

पाण्याचं आणि माशाचं एकच. सगळ्यांना हवं, आणि धरून ठेवता येत नाही. आमच्याकडे उपाय होता शेजपाळीचा. कालव्याला पाणी सोडलं की पहिला मान टेलच्या शेतकऱ्याचा, अगदी शेवटच्या टोकाचा जो, त्याचा. मग पाळी वर सरकत येते. नाहीतर वरचे घटाघटा पिऊन घेतात आणि टेलवाल्याला नुसता ओलावा. तो बिचारा बोलतही नाही. वर्षानुवर्षं कोरडं शेत घेऊन बसतो, आणि वरच्यांना वाटतं त्याला पाणी लागतच नाही. असे मी किती पाहिले.

पण आधी अर्ज. सात नंबरचा अर्ज भरल्याशिवाय कुणालाही पाणी नाही, मग तो आमदार का असेना. स्पृहाकडून इंग्रजीत टाइप करून घेतला. दहा प्रती. वासंतीसाठी मूळ मराठीही छापला, नुसता दाखवायला.

मंगळवार, ३ जून

अर्ज आले. 'पिकाचे नाव' हा रकाना काढायचा राहूनच गेला. ट्रेव्हरने लिहिलंय फ्लॅटहेड, ओदीलने सार्डिन. 'मागणीचे कारण' – ट्रेव्हर : सार्वभौमत्व. ओदील : सूप. 'पतीचे नाव' यावर ओदीलने इतकी जोरात काट मारलीय की कागद फाटला.

अपुरे अर्ज मी चौतीस वर्षं परत पाठवले. हे ठेवून घेतले.

बुधवार, ४ जून

सुनावणी! आमच्या गॅरेजमध्ये. चार खुर्च्या, थर्मास, वासंतीची थालीपीठं. मी मधे. स्पृहा कारकून.

ट्रेव्हर उभं राहून बोलला. त्याचा बाप ट्रॉलरवर होता. धक्क्याला इतक्या बोटी लागायच्या की एका बोटीवरून दुसरीवर पाय टाकत बंदर ओलांडता यायचं. मग एकेक करत सगळ्या गेल्या. हा एकोणऐंशी साली इथे आला तेव्हा तिथल्या धक्क्यावर कुत्रं नव्हतं.

"पण ते आइसलंडने केलं!" ओदील म्हणाली. "त्यांनी त्यांचं पाणी बंद केलं. आम्ही नाही!"

"आय नो इट वॉज ब्लडी आइसलंड," ट्रेव्हर म्हणाला. आणि खाली बसला.

मग ओदील. तिच्या भावाची बोट होती. ब्रेक्झिटनंतर परवान्याचे कागद पुरे पडेनात. मागच्या वर्षांच्या नोंदी मागितल्या. तो मासे पकडणारा माणूस, नोंदी कुठल्या ठेवणार? बोट विकली. आता सुपरमार्केटात ट्रॉल्या गोळा करतो.

ट्रेव्हरने थालीपीठाची ताटली तिच्याकडे सरकवली.

मी शेजपाळी समजावून सांगितली. टेलला आधी. झालं! दोघंही म्हणायला लागले, टेल मीच. माझं बंदर आधी बुडालं, नाही माझ्या भावाचं जास्त बुडालं. दीड तास! शेवटी मी स्पृहाला टेप घेऊन पाठवलं. रस्त्यापासून सगळ्यात लांब दार ओदीलचं. सबब टेल ओदील. सोमवार-बुधवार तिचे, मंगळवार-शुक्रवार ट्रेव्हरचे. तिच्या दिवशी त्याने इंजिन द्यायचं, त्याच्या दिवशी तिने ट्रेलर.

मग कळलं, ओदीलला ट्रेलर रिव्हर्स घेता येत नाही आणि ट्रेव्हरला गुडघ्यामुळे एकट्याने बोट पाण्यात ढकलता येत नाही. म्हणजे चारही दिवस दोघांनी जायचंच. पण आता नियमाने.

सगळे उठल्यावर वासंतीने विचारलं, "अहो, हा अर्ज कुणालाही करता येतो?"

म्हटलं, लाभक्षेत्रातल्या कुणालाही. बाईमाणूस, म्हातारंकोतारं, सगळ्यांना हक्क आहे.

तिने मराठी प्रत घडी घालून नेली. किराणा मालाची यादी लिहायला असेल. पाठकोरा कागद ती वाया घालवत नाही.

सोमवार, ९ जून

आज इंग्लंडच्या राजाच्या वाढदिवसाची सुट्टी आणि पहिली पाळी फ्रान्सची! ट्रेव्हरला ते जरा लागलं, पण गेला. निळी चिकटपट्टी बोटीवर नव्हती. कुणी काढली ते दोघंही सांगत नाहीत.

अकराला बादली भरून परत. ओदीलने गॅरेजमध्येच मोठ्या पातेल्यात सूप केलं. मासे वासंतीनेच साफ केले. हात काय चालत होता! ट्रेव्हर सुरी खाली ठेवून बघत राहिला. म्हणाला, बापानंतर असा हात पाहिला नाही. मी म्हटलं, सवय, दुसरं काय.

सिद्धार्थ म्हणाला, "बाबा, यू नेल्ड इट." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. मी ऐकू न आल्यासारखं केलं, म्हणजे तो परत म्हणाला.

ओदीलने वाडगे भरले. एक वासंतीपुढे ठेवला. मी पटकन उचलून ट्रेव्हरपुढे सरकवला आणि सांगितलं, थँक यू, वी आर व्हेजिटेरियन. ओदीलच्या एवढ्या महिन्यांत लक्षात राहू नये? ती माझ्याकडे बघत राहिली. मग वासंतीकडे. वासंती पदराला हात पुसत होती. हात कोरडेच होते.

ट्रेव्हरने तीन वाडगे खाल्ले. एकूण निवाडा यशस्वी. फाइल बंद करायला हरकत नाही.

मंगळवार, १० जून. वटपौर्णिमा.

वड इथे कुठला? बागेतल्या मोरेटन बे फिगला, तोही वडाच्याच कुळातला, वासंती दोरा गुंडाळून आली. दिवसभर उपास. दुपारी फाइल बंद करायला उघडली, तर आत तिसरा अर्ज.

अर्जदार : वासंती प्रल्हाद.
पिकाचे नाव : बांगडा.
लाभक्षेत्र : वॉलॉंगॉंग, आणि नंतर पुण्याचं आपलं स्वयंपाकघर.
पाळी : बुधवार.
कालावधी : हा जन्म. पुढच्या सहांचं नंतर बघू.
यापूर्वी लाभ घेतला होता काय : होय. लग्नापर्यंत.
बंद होण्याचे कारण : अट घालणाऱ्या गेल्या. उठवायची तुम्हाला आठवण झाली नाही.

अर्ज दोनदा वाचला. टेल कोण, ते मी टेप लावून मोजत होतो.

मंजूर. सही केली, तारीख घातली. मग ट्रेव्हरकडे गेलो आणि सांगून आलो – उद्या बांगडा मिळाला तर गळाला लावायचा नाही.