मी बाजूला सारलेले हात

आई,

तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आता तुझ्या त्या वयाला टेकायला दोनच वर्षं उरलीत. तू कशी गेलीस हे मी आजवर पन्नास जणांना सांगितलं असेल. त्यात मी काय केलं, ते नेहमी गाळून.

गेल्या महिन्यात आमच्या तळेगावच्या कंपनीत प्रशिक्षण होतं. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, ते शिकवायला एक बाई आल्या होत्या. टेबलावर रबरी धड ठेवलेलं, सपाट छातीचं, पुरुषाचं. त्या म्हणाल्या, "रस्त्यात पुरुष पडला तर लोक धावतात. बाई पडली की कचरतात. कुठं हात लावायचा, लोक काय म्हणतील, उद्या तिच्या घरचे भांडायला आले तर. तेवढ्यात ती बाई जाते." पुरुष मंडळी खाली बघायला लागली. माझी पाळी आली. मी तळवे ठेवले, पण मला दाबताच येईना. "जोरात, मॅडम. बरगडी मोडली तरी चालेल, माणूस जगलं पाहिजे," त्या म्हणाल्या. तोंड धुवून येते म्हणून मी उठले आणि पर्स तिथंच टाकून घरी आले.

तो दिवस मी इतक्या वेळा उगाळला आहे की आता त्यातलं खरं किती आणि मी घातलेलं किती, कळत नाही. पण एवढं खरं आहे. लोणावळ्याचा तुझा चिक्कीचा कारखाना, कॉलेजला सुट्टी म्हणून मी खोके भरायला आलेली. सकाळपासून तुझी पाठ भरून आली होती, दोनदा मळमळलं होतं. सगळ्या म्हणाल्या, पित्त झालंय. तूही तेच म्हणालीस आणि पुन्हा ओट्यापाशी उभी राहिलीस. पाक ओतलेला, गरम असतानाच लाटायला हवा, म्हणून तू लाटणं हातात घेतेस आणि तशीच खाली कोसळतेस. घशातून घरघर येते. मला वाटतं, श्वास चालू आहे.

खोके न्यायला आलेला टेम्पोवाला धावत आत आला. तो पूर्वी देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला होता, तिथं हे शिकला होता, हे मला फार नंतर कळलं. त्यानं तुझी मान तपासली, तुझा पदर बाजूला केला आणि दोन्ही हात तुझ्या छातीच्या मधोमध ठेवले. तीन-चार वेळा दाबलंही असेल. मी त्याची कॉलर धरून त्याला मागं ओढलं. "आईच्या अंगाला हात लावतोस?" मी ओरडले. तो म्हणाला, "ताई, नाडी लागत न्हाई. दाबू द्या मला, लय उशीर व्हईल." मी त्याच्या हातावर फटके मारले आणि तुझा पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला. तेवढ्यात दोघी-तिघींनी चिक्कीवर झाकायची पांढरी चादर आणून तुझ्याभोवती आडोसा धरला. बाईमाणूस पडलंय म्हणून बाप्ये पाठ करून उभे राहिले, तोही राहिला. आत आम्ही तुला वारा घालत होतो, कांदा हुंगवत होतो. रिक्षा आली तेव्हा घरघर थांबली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुणी छाती दाबली होती का?" मी नाही म्हणाले. ते लिहीत राहिले.

मला हे कुणी शिकवलं, हे तुला ठाऊक आहे. घोरावाडी स्टेशनवर माझी ओढणी वाऱ्यानं उडाली, तेव्हा सगळ्यांसमोर तू माझ्या दंडाला चिमटा काढलास आणि म्हणालीस, "जीव गेला तरी चालंल, पण अंग झाक." तू रागाच्या भरात बोललीस. मी ते खरं करून दाखवलं. असं लिहिलं की तुझ्यावर ढकलल्यासारखं वाटतं, आणि मला ढकलायचं नाही गं. पण एकदा सांग ना, तू शुद्धीवर असतीस तर त्याला दाबू दिलं असतंस? नाही म्हण. एकदा नाही म्हण, म्हणजे मला झोप लागेल. आणि हो म्हणालीस तर मी काय करू, ते मला सुचत नाही. त्या प्रशिक्षणाच्या बाई म्हणाल्या होत्या, दाबूनही सगळेच वाचतात असं नाही. मी त्या वाक्याला रोज धरून बसते आणि ते रोज सुटतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाला गावी, बेडश्यात, अख्खी वस्ती जमली होती. बुद्धवंदना झाली आणि मावशीनं सगळ्यांसमोर माझ्या पाठीवरून हात फिरवला, "पोरीनं आईची लाज राखली. परक्याचा हात लागू दिला न्हाई." तो टेम्पोवालाही आला होता. दाराबाहेरच उभा राहिला आणि न जेवता गेला. मी त्याला पाहिलं आणि मान वळवली. मावशी ती गोष्ट अजून सांगते, लग्नात, बारशात, जिथं चार बायका बसतील तिथं.

गेल्या रविवारी तिनं ती माझ्या लेकीला सांगितली. बारा वर्षांची आहे, तुझ्यासारखीच हट्टी. सगळं ऐकून ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "आई, तू पडलीस ना, तर मीपण कुणाला हात लावू देणार नाही." मला तिथल्या तिथं तिला धरून खरं काय ते सांगायला हवं होतं. मावशी समोर होती म्हणून सांगितलं नाही, असं मी चार दिवस स्वतःला समजावते आहे. घरी फक्त आम्ही दोघी असतो, तरी सांगितलेलं नाही. आई, ती तसं म्हणाली ना, तेव्हा क्षणभर मला तिचा अभिमान वाटला.