मयताच्या नावावरचे फण्यांचे दुकान

प्रति,
मा. हस्तकला विकास अधिकारी,
हस्तकला विकास कार्यालय.

विषय : मयत पतीच्या नावावरील ऑनलाइन दुकान पत्नीच्या नावे करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे ऑनलाइन विक्री शिबिर.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार बाई व तिचे पती लाकडी फण्या करीत. पती लाकूड चिरीत, अर्जदार दात पाडी. बाजारातले दुकानदार प्लास्टिककडे वळल्यावर आपल्याच शिबिरात पतीच्या नावे ऑनलाइन दुकान उघडून देण्यात आले. फोटो कोणत्या उजेडात काढावा, दात न मोडता फणी खोक्यात कशी बांधावी, हे उभयतांनी चुकत-माकत शिकून घेतले. आता गल्लीत गिऱ्हाईक उरलेले नाही. आहे ते फोनमध्येच.

गेल्या हिवाळ्यात पती अचानक वारले. पुढे दुकानाने ओळख पटविण्यासाठी मालकाचा चेहरा मागितला : समोर पाहा, मान वळवा, डोळ्यांची उघडझाप करा. अर्जदाराने पतीचा फोटो धरला. फोटोची पापणी लवली नाही. दुकान बंद झाले. मदत केंद्रास फोन केला असता, "मॅडम, मालकांनाच बसवा," असे सांगण्यात आले. "अहो, ते गेले हो," असे रडत म्हटल्यावर, "हरकत नाही, आल्यावर करा," असे उत्तर मिळाले. मृत्यूचा दाखला पाठविला. तो 'चेहरा अस्पष्ट' असा शेरा मारून परत आला.

तयार फण्या पलंगाखाली मावेनात आणि डबे रिकामे होऊ लागले. तेव्हा अर्जदाराने धाकट्या दिरांना गळ घातली. ते थेट भावाच्या तोंडवळ्याचे. त्यांनी मिशी उतरविली, भावाचा सदरा चढविला आणि फोनसमोर बसले. ओळख पटली. दुकान उघडले. हे गैर आहे, हे अर्जदार जाणून आहे.

परंतु त्याच वेळी सासूबाई दारात आल्या. त्यांना कमी दिसते. "कधी आलास रे?" म्हणत त्यांनी दिरांना कवटाळले. दिरांनी मिठी सोडविली नाही. त्या दिवशी सासूबाई कित्येक आठवड्यांनी पोटभर जेवल्या.

आता दुकान दर महिन्याला चेहरा मागते. दीर म्हणतात, "वहिनी, फोनपुढे बसेन एक वेळ. आईपुढे कसा बसू?" सासूबाई रोज थोरल्याचे ताट वाढायला लावतात आणि ते गार झाले की अर्जदारावर चिडतात.

तरी पुढील तपासणीपूर्वी दुकान अर्जदाराच्या नावे करून द्यावे, ही कळकळीची विनंती. एवढे काम आपण करावे. मुलगा गेल्याचे सासूबाईंना दुसऱ्यांदा सांगण्याचे काम अर्जदाराचे आहे. ते ती स्वतः करील.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली,
अर्जदार (फणीवाली बाई)
दिनांक : ९ मार्च

सोबत : पतीच्या मृत्यूचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला.